अंगणी शाळा नेणाऱ्या कै. ताराबाई मोडक

(लेखक : एक सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षक, तुडील, ता. महाड)

आपल्या ज्ञातिसंस्थेची स्मरणिका घरी आली म्हणजे मंडळी प्रथम गुणवंत विद्यार्थ्यांच्या छायाचित्रांची पाने उघडतात. आपले किंवा आपल्या भावकीतील मूल त्या पानावर दिसले की साऱ्या घरास धन्यता वाटते, आणि ती वाटणे योग्यच होय. परंतु ३६ वर्षे महाड-पोलादपूरकडील प्राथमिक शाळांतून हाती खडू धरलेल्या आमच्यासारख्या शिक्षकास त्या पानांवर नसलेली मुलेही आठवतात. पहिलीच्या हजेरीपटावर त्यांचीही नावे होती. कोणी गुरांमागे गेले, कोणी धाकट्या भावंडास सांभाळण्यासाठी घरी राहिले, कोणी आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेले. नावापुढे गैरहजेरीच्या खुणा वाढत गेल्या आणि शेवटी पटावर नावही उरले नाही. अशा मुलांसाठी शाळेने काय करावे, ह्या एका प्रश्नास ज्यांनी आपले उत्तरायुष्य वाहिले, त्या पद्मभूषण कै. ताराबाई मोडक ह्यांचे चरित्र यंदा वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

ताराबाई आपल्या ज्ञातीच्या नव्हत्या, आपल्या जिल्ह्याच्याही नव्हत्या. तरीही त्यांचे चरित्र आपल्या घराघरांत वाचले जावे असे आम्हांस वाटते, ह्याचे कारण आहे. सांप्रत शिक्षणक्षेत्रात नवोपक्रम ह्या शब्दाचा मोठा गजर चालू आहे. परिपत्रके निघतात, प्रशिक्षणवर्ग होतात, तक्ते भरले जातात. शाळेत काही नवे यावे ही इच्छा स्तुत्यच आहे. परंतु ते नवे आणावयाचे कोणी? कचेरीतून खाली उतरलेली नवी गोष्ट पुष्कळदा फायलीतच विसावते. शिक्षकाने स्वतः पाहिलेली अडचण आणि मुलाने नकळत दाखविलेली वाट, ह्या दोहोंच्या भेटीतून जी नवी गोष्ट जन्मास येते ती मात्र मूळ धरते. ताराबाईंच्या आयुष्याचा हाच सारांश आहे असे आम्ही समजतो.

पूर्ववय

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईस झाला. वडील सदाशिव पांडुरंग केळकर हे प्रार्थना समाजाचे निष्ठावंत अनुयायी होते. मातोश्री उमाबाई ह्यांचा केळकरांशी झालेला विवाह हा पुनर्विवाह होता. एकोणिसाव्या शतकात विधवेशी विवाह करणे म्हणजे भावकीस, गावास आणि पंक्तीस मुकणे होते. त्या काळी ज्यांनी तसे केले त्यांची मुले लहानपणापासूनच एक गोष्ट शिकत असत. ती ही की, जे योग्य वाटते ते करताना चार लोक काय म्हणतील ह्याचा हिशेब मांडीत बसू नये. ताराबाईंस हा धडा शाळेत घालावा लागला नाही, तो त्यांस घरीच मिळाला.

वडिलांचे छत्र लवकर हरपले, तथापि शिक्षण सुटले नाही. १९१४ साली त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या. मुलगी चार यत्ता शिकली तरी पुष्कळ, असे मानण्याच्या त्या दिवसांत पदवीधर स्त्री ही दुर्मीळ गोष्ट होती. पुढे अमरावतीस वकिली करणारे श्री. मोडक ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला व त्यांस एक कन्यारत्न झाले. परंतु हा संसार सुखाचा ठरला नाही, आणि काही वर्षांतच ताराबाई पतीपासून विभक्त झाल्या. पदरी लहान मूल, पाठीशी कोणी नाही, अशा अवस्थेत त्यांनी कोणापुढे हात पसरला नाही. त्यांनी नोकरी धरली. राजकोट येथील बार्टन ट्रेनिंग कॉलेज ही स्त्रीशिक्षिका तयार करणारी संस्था होती. तिच्या प्राचार्यपदाची धुरा त्यांनी सांभाळली. पद मानाचे होते, वेतन चांगले होते. एखादी स्त्री त्या सुखात निवृत्तीपर्यंत राहिली असती.

भावनगर

राजकोटपासून भावनगर काही फार दूर नाही. तेथे नानाभाई भट्टांनी स्थापिलेल्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका नावाचे एक गृहस्थ लहान मुलांसाठी नव्या रीतीचे बालमंदिर चालवीत होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःच्या मुलास कसे वाढवावे ह्या विचारात असता इटलीतील विदुषी मादाम माँटेसरी ह्यांच्या पद्धतीची माहिती त्यांच्या वाचनात आली, आणि वकिली बाजूस ठेवून ते बालशिक्षणाकडे वळले. १९२० साली त्यांनी बालमंदिर उघडले. छडी नाही, घोकंपट्टी नाही, भीती नाही. मूल आपल्या हाताने वस्तू हाताळते, निवडते, चुकते, पुन्हा करते, आणि शिक्षक बाजूस बसून त्याचे निरीक्षण करतो, असा तो प्रकार होता.

माँटेसरीबाईंनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत आपले पहिले बालगृह उघडले होते, हे वाचकांनी ध्यानी ठेवावे. कारण गरिबांच्या मुलांसाठी निघालेली ही पद्धती जगभर पसरता पसरता श्रीमंतांच्या दिवाणखान्यात जाऊन बसली. ती तेथून उठवून पुन्हा गरिबांच्या अंगणात आणण्याचे श्रेय आपल्या देशात ज्यांच्याकडे जाते त्यांत ताराबाई अग्रगण्य होत.

१९२३ च्या सुमारास ताराबाईंनी राजकोटची जागा सोडली व त्या भावनगरास गिजुभाईंच्या कार्यात सामील झाल्या. एक वकिलीतून आलेला गुजराती गृहस्थ आणि एक संसारातून बाहेर पडलेली मराठी स्त्री, ह्या दोघांनी मिळून १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. संघाची शिक्षणपत्रिका प्रथम गुजरातीतून व पुढे मराठीतूनही निघू लागली, आणि मराठी पत्रिकेचा भार ताराबाईंनी वर्षानुवर्षे वाहिला. ही पत्रिका पंडितांसाठी नव्हती. खेड्यातील शिक्षक, घरातील आई, नोकरदार बाप ह्यांस मूल म्हणजे काय हे समजावून देणे, हे तिचे काम. शिक्षकाने वाचावे, आपल्या वर्गात करून पाहावे आणि पुन्हा विचार करावा, अशी ती सोय होती.

मुंबईचा शिशुविहार

भावनगरहून परतल्यावर ताराबाईंनी मुंबईत काम मांडले. १९३६ साली दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झाला. त्याच्या जोडीने बालशिक्षिकांसाठी अध्यापनमंदिरही चालू झाले. आपल्या कितीतरी ज्ञातिबांधवांची मुंबईतील बिऱ्हाडे गिरणगावात होती, तेथून दादर हाकेच्या अंतरावर. परंतु शिशुविहारात येणारी मुले मुख्यतः मध्यमवर्गाची असत. मराठी माध्यमातून शास्त्रशुद्ध बालशिक्षण देणारी ही शाळा लौकरच नावारूपास आली. शिक्षिका तयार होऊ लागल्या, पालक रांगा लावू लागले.

येथे ताराबाईंचे चरित्र संपले असते तरी ते यशस्वी चरित्र ठरले असते. वय ५० च्या पुढे गेले होते, संस्था स्थिर झाली होती, नाव झाले होते. परंतु त्यांच्या मनास एक टोचणी लागून राहिली होती. माँटेसरी पद्धतीची साधने महाग. लाकडी दट्ट्यांचे ठोकळे, उतरत्या आकाराचे घन, खरखरीत कागदाची अक्षरे, हे सारे विकत घेणे कोणास परवडावे? ज्या देशातील बहुसंख्य मुले खेड्यात राहतात व उघडी फिरतात, त्या देशात अशा सुंदर शाळेचा उपयोग मूठभरांसच होणार. ह्या विचारातून त्यांनी मुंबई सोडण्याचा निर्णय घेतला.

बोर्डी : शाळा अंगणात जाते

मुंबईच्या उत्तरेस, गुजरातच्या सीमेलगत, समुद्रकिनारी बोर्डी नावाचे गाव आहे. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाल्यापासून ते त्या जिल्ह्यात आहे. ह्या परिसरात आचार्य भिसे ह्यांच्यासारखे शिक्षणव्रती आधीपासून कार्य करीत होते. १९४५ च्या अखेरीस ताराबाईंनी येथे ग्राम बालशिक्षा केंद्राचे काम आरंभिले.

त्यांच्या सोबतीस आल्या श्रीमती अनुताई वाघ. अनुताईंचा जन्म १९१० चा. बालवयातच त्यांचा विवाह झाला व तेराव्या वर्षी त्यांच्या कपाळीचे कुंकू पुसले गेले. पुढे कष्टाने शिकून त्या शिक्षिका झाल्या. कस्तुरबा ट्रस्टच्या बोरिवली येथील शिबिरात त्यांची ताराबाईंशी गाठ पडली, आणि त्या गाठीतून अवघ्या आयुष्याची सोबत निर्माण झाली. एक पतीपासून विभक्त, दुसरी बालविधवा. समाजाने ज्यांस अशुभ मानून कोपऱ्यात बसविले असते, अशा दोन स्त्रियांनी हजारो मुलांचे मातृपद स्वीकारले, हे आमच्या माताभगिनींनी विशेष करून ध्यानी घ्यावे.

बोर्डीस बालवाडी निघाली. जागा झाली, साधने मांडली, गाणी-गोष्टींची तयारी झाली. गावातील मुले येऊ लागली. परंतु त्या काळी हरिजनवाडा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीतील मुले येईनात. आता अशा वेळी सामान्य शिक्षक काय करतो? पटावर गैरहजर मांडतो, पालकांस निरोप धाडतो, आणि पालक अडाणी आहेत, त्यांस शिक्षणाचे महत्त्व नाही, असा शेरा लिहून मोकळा होतो. ताराबाई व अनुताई ह्यांनी तसे केले नाही. मूल शाळेत येत नाही ह्याचा अर्थ शाळा मुलापर्यंत पोहोचली नाही, असा त्यांनी लावला. त्या आपली साधने घेऊन वस्तीतच गेल्या. झोपड्यांपुढील सारवलेल्या अंगणात, झाडाच्या सावलीस, त्यांनी बालवाडी मांडली. मुलांचे हातपाय-तोंड धुवावे, केस विंचरावे, मग गाणे म्हणावे, गोष्ट सांगावी, खेळ मांडावा. आई दारात भाकऱ्या थापताना हे सारे पाहत आहे, आजी ओसरीवरून ऐकत आहे, असा तो वर्ग होता. ह्या अंगणातील बालवाडीसच अंगणवाडी हे नाव लाभले.

त्यात एक मोठे शहाणपण होते. अंगणात भरलेली शाळा एकट्या मुलाची राहत नाही, ती साऱ्या घराची होते. नखे का कापावी, गळू का धुवावे, तान्ह्यास काय भरवावे, हे आईस वेगळ्या व्याख्यानाने सांगावे लागत नाही. ज्या घरचा उंबरा ओलांडण्यास गावातील प्रतिष्ठित कचरत असत, त्या घराच्या अंगणात मास्तरीण येऊन बसते, हाच त्या घरास मिळालेला पहिला धडा होता. १९२७ साली ज्या महाडात पाण्याच्या एका ओंजळीसाठी सत्याग्रह करावा लागला, त्या महाडच्या आसमंतात राहणाऱ्या आपणांस ह्या गोष्टीचे मोल निराळे सांगावयास नको.

साधनांचा प्रश्न मुलांनीच सोडविला. समुद्रकाठी शंख-शिंपले मुबलक, रानात बिया, पाने, फुले, पायाखाली माती, कुंपणास बांबू. मोजणे शिकण्यास बिया पुरतात, लहान-मोठे समजण्यास शिंपले पुरतात, रंग ओळखण्यास पाने-फुले पुरतात. विकतच्या ठोकळ्यांची जागा ह्या वस्तूंनी घेतली. ह्यातील बहुतेक वस्तू मुलेच गोळा करून आणू शकत. आणि स्वतः आणलेली वस्तू मूल ज्या प्रेमाने हाताळते त्या प्रेमाने कपाटातील वस्तू हाताळीत नाही, हे कोणीही शिक्षक सांगेल. अशा रीतीने मूल शाळेत नुसते शिकणारे न राहता शाळा घडविणारे झाले.

कोसबाड : शाळा कुरणात जाते

१९५७ साली हे कार्य डहाणूजवळील कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंचे वय तेव्हा ६५ होते. ज्या वयात आम्ही आरामखुर्ची शोधतो त्या वयात ह्या बाई आदिवासी मुलुखातील टेकडी चढल्या. भोवताली वारली समाजाची वस्ती; पाडे विखुरलेले, जमीन थोडी, दारिद्र्य अपार.

येथे बोर्डीचाही उपाय अपुरा पडू लागला. शाळा अंगणात नेली तरी अंगणात मुले होती कोठे? सात-आठ वर्षांची मुले सकाळीच गुरे घेऊन रानात जात. घरास त्यांच्या त्या कामाची गरज होती. गुराख्याचे काम सोडून शाळेत ये म्हणणे म्हणजे घरातील भाकरी कमी कर म्हणणे होय. मग शिक्षकच गुरांमागे गेले. पिशवीत पाट्या, चित्रे, पुस्तके घालून त्यांनी कुरण गाठले. गुरे चरत आहेत, मुलांचे एक लक्ष गुरांवर आहे, आणि झाडाखाली गोष्ट व अक्षरे चालली आहेत, असा तो वर्ग भरू लागला. ह्यास कुरणशाळा म्हणतात.

मुलींची अडचण आणखी वेगळी होती. आईबाप मजुरीस गेले की तान्हे भावंड मोठ्या मुलीच्या कडेवर येई. कडेवर मूल घेऊन मुलगी शाळेत कशी बसणार? ह्यावर उपाय म्हणून पाळणाघर निघाले. मुलीने भावंडास घेऊनच यावे, त्यास पाळणाघरात ठेवावे आणि स्वतः वर्गात बसावे. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात, एकमेकांस जोडलेली, असा जो प्रयोग कोसबाडास झाला तो विकासवाडी ह्या नावाने प्रसिद्ध आहे.

वाचकहो, अंगणवाडी, कुरणशाळा व पाळणाघर ह्या तिन्ही गोष्टींचे मर्म एकच आहे. मूल का येत नाही हे कोणत्याही ग्रंथात लिहिलेले नव्हते. ते शिक्षकांस वाडीत जाऊन पाहावे लागले. उत्तर मुलांच्या जगण्यातच दडलेले होते. शिक्षकांनी ते ओळखले, करून पाहिले, आणि जमले तेव्हा त्यास नाव दिले. आधी नाव, मग अहवाल आणि शेवटी मूल, असा उलटा क्रम तेथे नव्हता.

मान आणि निर्वाण

१९६२ साली भारत सरकारने ताराबाईंस पद्मभूषण हा किताब देऊन गौरविले. किताब मिळाल्यानेही टेकडीवरील दिनक्रम बदलला नाही. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, त्यांची प्राणज्योत मालवली. त्यांच्या पश्चात अनुताईंनी कोसबाडचे कार्य १९९२ साली आपल्या देहावसानापर्यंत चालविले. त्यांसही १९८५ साली पद्मश्री लाभली. कोसबाडच्या टेकडीवरून हे अनुताईंचे आत्मचरित्र ज्यांस मिळेल त्यांनी अवश्य वाचावे, आणि घरातील सुनेस व लेकीसही वाचावयास द्यावे.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने देशातील ३३ विभागांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली. त्या योजनेतील केंद्रास जे नाव मिळाले ते अंगणवाडी हेच. आज उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत, ज्यांस मराठीचा गंधही नाही अशा प्रांतांतील माताही हा शब्द उच्चारतात. बोर्डीच्या एका वस्तीतील अंगणात जे बीज पडले त्याचा असा वटवृक्ष झाला.

आपल्या मुलुखाचा विचार

आता आपल्या मुलुखाकडे वळू. आमचे तुडील हे सावित्रीच्या खाडीपट्ट्यातील गाव. महाड व पोलादपूर तालुक्यांत गावे कमी व वाड्या फार. एक वाडी डोंगराच्या कुशीत, दुसरी खिंडीपलीकडे, तिसरी ओढ्यापार. पावसाळ्यात पऱ्ह्यास पाणी आले की मूल अलीकडे व शाळा पलीकडे. लावणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक हात चिखलात. दिवाळीनंतर कातकरी बांधवांची कुटुंबे कोळशाच्या व विटांच्या भट्ट्यांवर निघतात, आणि त्यांची मुले त्यांच्याबरोबर. हे सर्व आम्ही लहानपणापासून पाहत आलो.

आमच्या सेवाकाळातील एक लहानशी गोष्ट सांगतो. एका वाडीवरील शाळेत दुसरीतील एक मुलगी दीड वर्षाच्या भावास कडेवर घेऊन दाराशी उभी राहत असे. आत येत नसे व घरीही जात नसे. आम्ही कोपऱ्यात एक पोते अंथरले, त्या बाळापुढे चार करवंट्या व मूठभर सागरगोटे ठेवले आणि मुलीस आत बोलाविले. बाळ करवंट्या वाजवीत बसे, मुलगी पाढे म्हणत बसे. पुढे आणखी दोन मुली आपापली भावंडे घेऊन आल्या, आणि पोत्यावरील मंडळी वाढली. मोठ्या वर्गातील मुलांनी आपणहून आळीपाळीने त्यांस खेळविण्याचे काम अंगावर घेतले. एकदा तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी पटावर नाव नसलेली मुले वर्गात कशी, असा शेरा मारून आमच्याकडून लेखी खुलासा मागविला. खुलासा आम्ही दिला. पोतेही उचलले नाही. ती मुलगी चौथी उत्तीर्ण झाली, पुढे माध्यमिक शाळेतही गेली. आमच्या हातून काही अचाट घडले असे आम्ही म्हणत नाही. ताराबाईंनी जे टेकडीवर केले त्याचे ते पोत्याएवढे अनुकरण होते. परंतु खर्च एका पैचा नव्हता, आणि अर्धे काम मुलांनीच केले, एवढे मात्र खरे.

आज काळ पालटला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क दिला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ ही वर्षे शिक्षणाचा पाया मानली. ताराबाई हेच शंभर वर्षांपूर्वीपासून करून दाखवीत होत्या. तरीही दोन गोष्टी पाहून मनास खेद होतो. पहिली अशी की, मुंबई-पुण्यातील आपली मंडळी तीन वर्षांच्या बाळास भारी शुल्क भरून अशा शाळेत घालतात, जेथे त्यास गृहपाठ असतो व परीक्षाही असते. बालशिक्षण हे भयमुक्त असावे म्हणून ज्या बाईंनी जन्म वेचला त्यांच्याच प्रांतात बाळाच्या पाठीवर दप्तर चढले आहे. दुसरी अशी की, गावातील अंगणवाडी म्हणजे खाऊ वाटण्याची जागा, असे आपण धरून चाललो आहोत. तेथील सेविका अल्प मानधनावर वजने करते, नोंदी भरते, आहार वाटते, आणि इतके करून मुलांस शिकविते; परंतु तिला बाई म्हणून जो मान शाळेतील शिक्षिकेस मिळतो तो आपण देत नाही. आपल्याच घरच्या किती सुना-लेकी हे काम करीत आहेत!

ज्ञातिबांधवांस विनंती

आपली संस्था दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करते, गरजूंस शिष्यवृत्ती देते. हे कार्य थोर आहे व ते वाढावे. त्याबरोबर वयाने व अनुभवाने आलेल्या अधिकाराने चार सूचना करण्याची परवानगी आम्ही घेतो.

एक, आपल्या प्रत्येक गावातील व वाडीतील कोणती मुले शाळेत नाव असूनही जात नाहीत ह्याची यादी गावच्या शाखेने करावी, आणि प्रत्येक नावापुढे कारण लिहावे. कारण लिहिताना आळशी, अडाणी असे शब्द लिहू नयेत. गुरे, भावंड, ओढा, स्थलांतर असे खरे कारण लिहावे. कारण कळले की उपाय अर्धा सापडतो.

दोन, संस्थेच्या सत्कारात एक पाट अशा शिक्षकासाठी व अंगणवाडी सेविकेसाठी राखून ठेवावा, ज्यांनी शाळेबाहेरचे एक तरी मूल आत आणून टिकविले. टक्केवारीचा मान आहेच, ह्या कामाचाही मान व्हावा. तो शिक्षक आपल्या ज्ञातीचा असो वा नसो.

तीन, महाविद्यालयात शिकणारी आपली मुले मे महिन्यात व गणपतीस गावी येतात. त्यांनी पंधरा दिवस सकाळी एक तास एखाद्या अंगणात लहान मुले गोळा करावीत. गाणी, गोष्टी, बिया, पाने, माती ह्याहून अधिक भांडवल लागत नाही. शिकणाऱ्याने शिकवावे, ह्यासारखे शिक्षण नाही.

चार, ह्या कामात वाडी आपली की परक्याची असा भेद करू नये. आपल्या अंगणातून आरंभ करणे स्वाभाविक आहे. पण कातकरवाडीतील मूल आपल्या मुलाच्या शेजारी बसले नाही, तर आपण ताराबाईंचे नाव घेण्यास पात्र ठरत नाही.

कमी पटाच्या शाळा राहणार की जाणार, ह्याची चिंता आज डोंगरातील प्रत्येक वाडीस आहे. तो निर्णय आपल्या हाती नाही. परंतु पटावरचे प्रत्येक मूल रोज वर्गात असणे, हे मात्र शिक्षक, पालक व मुले ह्यांच्या हाती पुष्कळ अंशी आहे. भरलेल्या शाळेस दार लावणे कोणासही जड जाते.

ताराबाईंपाशी सत्ता नव्हती, संपत्ती नव्हती, घरचा आधार नव्हता. जे मूल आले नाही त्याच्याकडे स्वतः चालत जाण्याची तयारी मात्र होती. तेवढी तयारी आपल्या शिक्षकांच्या, विद्यार्थ्यांच्या व पालकांच्या अंगी येवो, आणि आपल्या प्रत्येक वाडीच्या अंगणात मुलांचे गाणे ऐकू येवो, एवढीच प्रार्थना करून ह्या थोर मातेच्या स्मृतीस आम्ही विनम्र अभिवादन करितो.